फुंकणीवाले बाबू

आमच्या बाबांना एकच गोष्ट दोनदा वाजवता येत नसे. दिवसभर ते बांधकाम खात्यात पुलांचे नकाशे काढत. रेघ केसभर हलली तर कागद फाडून नवा घेत. संध्याकाळी तोच माणूस क्लॅरिनेट तोंडाला लावी आणि कालचा एक सूर आज जागेवर ठेवत नसे. सगळं बालाघाट त्यांना ‘फुंकणीवाले बाबू’ म्हणे. मी तेव्हा चौदा वर्षांची दीडशहाणी. वाटे, निदान सनई तरी वाजवायची. लग्नात मान तरी मिळाला असता.

ते क्लॅरिनेट गोंदियाच्या एका गोवेकर रेल्वे गार्डाचं. बदली झाली तेव्हा त्यानं ते बाबांना दिलं, आणि सोबत जॅझचं वेडही. जॅझ म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, “आपल्याले किरनापूरले जायचं हाय ना? सडक ठरलेली. पण वाटंत कोणाच्या ओसरीवर किती टेकायचं, हे जाणाऱ्यानं ठरवायचं. बस, हेच.”

“अन् पोचलोच नाही त?”

“त गाणं लांबलं म्हनायचं.”

समोर पिठाची गिरणी होती. तिच्या इंजिनाची पुकपुक सुरू झाली की बाबा मला पेटीवर बसवत. तबलजी म्हणजे ती गिरणीच. गव्हावर तिची लय धावे, चण्याची डाळ पडली की जडावे. त्या जडावण्यात बाबा असे काही सूर ठेवत की दळणाला आलेल्या बाया डोक्यावरचा डबा उतरवायचं विसरत. आई आतून ओरडे, “बाप-लेकीले पोटं हायत का नाही?”

एवढं सुंदर वाजवून हा माणूस ते विसरून जातो, याची मला कीव येई. मग मी एक पराक्रम केला. एका संध्याकाळी त्यांनी जे वाजवलं ते सगळं सरगम करून वहीत उतरवलं, पाठ केलं, आणि दुसऱ्या दिवशी पेटीवर जसंच्या तसं वाजवून दाखवलं. मध्ये त्यांना खोकला आला होता, तेवढी जागाही मोकळी सोडली! शाबासकीसाठी मान वर केली, तर बाबा हसत होते. “हे काल होतं वं. आज काय हाय?” मी दोन दिवस अबोला धरला. वही मात्र भरतच राहिले.

मग त्यांच्या हिरड्या सुजू लागल्या. डॉक्टरनं सांगितलं, वरचे समोरचे दात काढावे लागतील. त्यानंतर क्लॅरिनेट विसरा. बाबांनी आठ दिवस मागून घेतले, कारण मँगनीजच्या खाणीच्या क्लबात आमचा कार्यक्रम ठरला होता. बाप-लेकीचा पहिलाच, आणि त्यांचा शेवटचा.

त्या संध्याकाळी ते असे वाजवत होते की मी साथ करायचं सोडून ऐकतच राहिले. आणि अर्ध्यात त्यांनी क्लॅरिनेट खाली घेतलं. ओठाला रक्त होतं. पाय मात्र फळीवर ठेका देत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुढचं काही वहीत नव्हतं. मी मानेनंच नाही म्हटलं.

“हौ, तूच,” बाबा म्हणाले.

मी बोट ठेवलं ते सरळ चुकीच्या पट्टीवर. पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. माझा हात उचलला जाणार, तोच बाबा ओरडले, “तेच! अजून एकदा!” मी पुन्हा तोच चुकीचा सूर दाबला. तिसऱ्यांदा दाबला, तेव्हा तो चुकीचा राहिला नव्हता; तिथून एक वाट निघत होती. मी निघाले. कुठे टेकले, किती टेकले, मला आजही सांगता यायचं नाही. वाजवून झालं तेव्हा टाळ्या होत होत्या आणि बाबा रुमाल ओठाला धरून डोळे पुसायला दुसरा रुमाल शोधत होते.

दात निघाले. तोंडात कापूस, बोलता येईना. क्लॅरिनेट त्यांनी पुसून पेटाऱ्यात ठेवलं. समोर गिरणी सुरू झाली, तशी मी भीतभीत पेटी उघडली. आता घरात फक्त माझं वाजणार होतं. बाबा उठले, पेटीच्या पलीकडे मांडी घालून बसले, माझा डावा हात भात्यावरून काढून स्वरांवर ठेवला आणि भाता स्वतः धरला.

त्यानंतर दहा वर्षं आम्ही असंच वाजवलं. हवा त्यांची, बोटं माझी. मी ओळखीच्या वाटेनं जाऊ लागले की ते भाता असा एकदम दाबत की मला दचकून नवीन काहीतरी शोधावंच लागे. लग्न होऊन माहेरपणाला आले की बॅग ठेवायच्या आधी आम्ही पेटीशी.

बाबा गेले त्या वर्षी, तेराव्यानंतर, पाहुणे पांगल्यावर मी पेटी काढली. नेहमीसारखे दोन्ही हात स्वरांवर ठेवले आणि दाबले. आवाजच निघाला नाही.