हळदीतल्या शोभनाताई

२००६ साली अमेरिकेत हर्नडनला अनिकाची हळद ठरली. तिची काकू रेणू हॉल सजवायची कामं करी. नवरा जाऊन तिला तीन वर्षं झाली होती. नवरीच्या आईने, म्हणजे मोठ्या जाऊ शोभनाताईंनी फोनवर सांगितलं, “डेकोरेशन तूच कर हं. फक्त हळदीला हात लावू नकोस. विधवेने लावली की लोक बोलतात.”

रेणूच्या अंगाची लाही झाली, पण जीभ गोडच राहिली. “बरं, ताई. तुमच्या पिवळ्या साडीचा ब्लाउज शिवून उरलेला तुकडा तेवढा द्या. मॅचिंग करते.”

जांभळ्यावर पिवळं उठून दिसतं आणि पिवळ्यावर पिवळं बुडतं, हे तिला धंद्याने शिकवलं होतं. तुकडा घेऊन तिने सात दुकानं पालथी घातली आणि स्टेजमागे नेमका तोच पिवळा पडदा सोडला. हळद लागत होती, तेव्हा ही बया कोपऱ्यात हात बांधून शांत उभी.

आठवड्याने अल्बम आला. हिरव्या साडीतली नवरी झळकत होती. शेजारी तिच्या आईचं नुसतं तोंड आणि दोन हात हवेत लटकत होते.

“अगं रेणू, मी कुठंय यात?”

“हळदीतच आहात की, ताई. मान तुमचाच होता ना.”