मुश्ताकने निवडलेली गिटार

मुश्ताक गेल्याचं त्याच्या बायकोने, रुखसानाभाभींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी शाळेत शिकवून नुकताच खारबावला घरी येऊन चपला काढत होतो. "सुधीरभाई, ते गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मागे कुणीतरी रडत होतं, त्यांचा आवाज मात्र कोरडा होता. लगेच पुढे म्हणाल्या, "असरच्या नमाजानंतर नेणार आहेत. तुम्ही या." त्याच चपला पुन्हा पायात घालून मी निघालो. नारपोलीला त्याच्या घरी पोहोचलो तोवर त्याला आंघोळ घालून कफनात ठेवलं होतं. एवढा रुंद चेहऱ्याचा माणूस, पण आजाराने त्याचं तोंड पोरासारखं लहान करून टाकलं होतं. कब्रस्तानात सगळ्यांबरोबर मीही माती दिली. कोपऱ्यातला एक म्हातारा शेजारच्याला माझ्याकडे बोट करून सांगत होता, "ये उसका गिटारवाला दोस्त." त्या गर्दीत माझी ओळख एवढीच होती, आणि ती खरी होती.

आम्ही भिवंडीच्या कॉलेजात भेटलो. मी शेतकऱ्याचा, तो लूमवाल्याचा. त्याच्या वडिलांचा पत्र्याच्या छपराखाली यंत्रमागांचा कारखाना होता आणि कॉलेज सुटलं की मुश्ताकची तिथे ड्युटी लागायची. कारखान्याला लागून सुताची बाचकी ठेवायची एक खोली होती. तिथे तो गिटार वाजवत बसे. आखातातून आलेल्या मामेभावाने दिलेली ती गिटार, मान जरा वाकलेली. भिंतीपलीकडे लूमचा एवढा खडखडाट की समोरासमोर बसूनही ओरडून बोलावं लागे. "इथे कुणाला त्रास नाय होत," तो हसून म्हणायचा. मला पहिले कॉर्ड त्यानेच त्या खोलीत शिकवले. घरी गेल्यावरसुद्धा माझ्या कानात बराच वेळ तो खडखडाट चालू असायचा... त्याच्या कानांचं काय होत असेल, हा विचार तेव्हा आम्हा दोघांच्याही मनात आला नाही.

त्याला वेड होतं ते गिटारी ताडून बघायचं. ठाणे, कल्याण, दादर, जिथे म्हणून दुकान असेल तिथे आम्ही जायचो. त्याची पद्धत ठरलेली होती. गिटार मांडीवर घ्यायची, एकच कॉर्ड वाजवायचा आणि तो सूर पूर्ण विरेपर्यंत हात उचलून थांबायचं. दुकानदार काही बोलायला लागला तर बोट ओठांवर. मग जाड तारेपासून पातळ तारेपर्यंत एकेक तार, आणि शेवटी मुद्दाम एक चूक. "चूक लपवते ती गिटार मला नको," म्हणायचा. बाहेर चहा पिताना निकाल लागायचा. अमुक एक लगेच बोलते पण लगेच गप्प होते, तमुक मोठ्याने बोलते पण तेच तेच बोलते. घेतली मात्र एकही नाही. आधी वडील आजारी, मग कारखाना त्याच्या एकट्याच्या गळ्यात. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणता म्हणता आमचे केस पिकायला लागले.

त्याच्या कानांची गोष्ट सगळ्यांत आधी माझ्या आईच्या ध्यानात आली. तो जेवायला आला होता. तो गेल्यावर ती म्हणाली, "तुज्या दोस्ताला आयकाया येत न्हाय रं. मी दोनदा भाकर इचारली, तो निस्ता हसला." मला ते पटलं नाही. सूर एवढा बारकाईने ऐकणाऱ्याला आईचं बोलणं कसं ऐकू येणार नाही? मग एका रविवारी तो माझ्याकडे गिटार जुळवत बसला होता. सर्वांत पातळ तार दोन-तीनदा छेडून म्हणाला, "ही मेली वाटतं." मी हातात घेऊन छेडली. छान वाजत होती.

"वाजते की रे."

"वाजते?" त्याने पुन्हा छेडली, आणि तारेकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी मान हलवली. त्याने गिटार हळूच पलंगावर ठेवली आणि म्हणाला, "चल, चहा पिऊ."

डॉक्टरांनी सांगितलं की वरचे सूर गेलेत ते परत येणार नाहीत. लूमपासून लांब राहिलात तर उरलंय तेवढं टिकेल. लांब राहायचं म्हणजे कुठे, हे कुणी सांगितलं नाही. कानाला मशीन लागलं. त्यातून गिटार ऐकली की डब्यात खडे वाजवल्यासारखं वाटतं, म्हणून वाजवताना तो ते काढून ठेवायचा. पुढे धंदाच बसला आणि लूम भंगारात गेले. ते फोडत होते त्या दिवशी मी त्याच्याबरोबर उभा होतो. घणाचा प्रत्येक घाव पडला की माझे डोळे मिटत. तो शांत उभा होता. सगळं नेऊन झाल्यावर रिकाम्या जागेत त्याने एक टाळी वाजवली, थोडा थांबला, आणि मला विचारलं, "घुमली का रे?"

"घुमली."

"आता गिटार घेतो," तो म्हणाला. "मला जेवढं ऐकू येतं तेवढ्यात बसणारी."

ठाण्याच्या दुकानात त्या दिवशी आम्ही दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बसलो. दुकानदाराने आधी मोठ्या पोटाची, फिकट लाकडाची एक काढली. मी वाजवली तर दुकानातले सगळे वळून बघायला लागले, असा तिचा उजळ आवाज. मुश्ताकने वाजवली आणि मान हलवली. त्याला जाड तारांचा धपधपाट तेवढा ऐकू येत होता, बाकी सगळा उजेड त्याच्या पलीकडे पडत होता. दुसरीचे खालचे सूर त्याला आवडले, पण एकातला दुसरा वेगळा निघेना. "सगळे एकाच दारातून बाहेर पडतायत," म्हणाला. तिसरी कोपऱ्यात होती, महोगनी लाकडाची, लहान अंगाची. दुकानदार म्हणाला, "चाचा, वो तो सीखनेवाले लेते हैं." मुश्ताकने ती घेतली, लाकडाची थरथर हाडातून ऐकायला वाकून हनुवटी तिच्या कडेवर टेकवली, डोळे मिटले आणि एक कॉर्ड वाजवला. सूर केव्हाच विरला तरी त्याने हनुवटी उचलली नाही. "सुधीर, वरच्या दोन तारा कशा आहेत? खरं सांग." मी त्या छेडून ऐकल्या. पातळ आहेत, फार लांब जात नाहीत, पण बोचत नाहीत, असं सांगितलं. "मग बाकीचं माझ्याकडे आहे," तो म्हणाला. इतक्या वर्षांच्या फेऱ्यांत "हीच" असं तो पहिल्यांदा म्हणाला.

ती गिटार त्याच्या हाताला नीट बसायच्या आतच आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. त्या औषधाने बोटांत मुंग्या येतात आणि थंड वस्तूला हात लागला की झटका बसतो. पोलादी तारांना तर हातच लावता येईना. भाभी गिटार दुपारभर गोधडीत गुंडाळून ठेवायच्या, तारा कोमट होतात म्हणून. संध्याकाळी त्याच्या मांडीवर द्यायच्या. काही दिवस जमलं. मग मुंग्या गेल्या आणि बोटं बधिर झाली. तार दाबली की सुटली, हेही बघितल्याशिवाय कळेना. एकदा बोटाच्या टोकातून रक्त आलं ते भाभींना दिसलं, त्याला कळलंच नाही. त्या दिवशी त्याने गिटार माझ्या हातात दिली. "तू वाजव. मी बसतो."

त्यानंतर दर रविवारी मी पलंगाच्या कडेला बसून वाजवायचो आणि तो गिटारीच्या खांद्याला गाल लावून बसायचा. बोलणं जवळजवळ संपलं होतं. शेवटच्या रविवारी मी बराच वेळ वाजवलं. त्याचा गाल सरकून माझ्या दंडावर आला. झोपला असेल असं वाटून मी थांबलो, तर डोळे न उघडता म्हणाला, "संपलं?"

"नाही," मी म्हणालो, आणि पुन्हा सुरू केलं. त्याच आठवड्यात तो गेला.

मागच्या रविवारी भाभींनी बोलावून घेतलं. मला वाटलं, गिटार घेऊन जा म्हणतील. त्यांनी मला खोलीच्या दारापर्यंत नेलं आणि त्या तिथेच थांबल्या. गिटार पलंगाजवळ भिंतीला टेकवून ठेवलेली होती. शेजारच्या जुन्या कारखान्याच्या जागी आता गोडाऊन झालंय आणि दिवसभर घराला लागून कंटेनर जातात. एक गेला. भिंत थरथरली, आणि गिटारीच्या तारा कुणी हात न लावता हलकेच घुमल्या.

"हे दिवसभर चालतं," भाभी म्हणाल्या. "स्वयंपाकघरात ऐकू येतं. दर वेळी वाटतं, उठून बसले... मी या खोलीत झोपत नाही, सुधीरभाई. देऊन टाकायची नाहीये ती. फक्त गप्प करा."

मी खाली बसून एकेक खुंटी उलटी फिरवली. तारा आधी उतरत्या सुरात कुरकुरल्या, मग सैल होऊन लाकडावर पडल्या. सहाही झाल्या. आम्ही वाट बघत राहिलो. पुढचा कंटेनर आला, खिडकीच्या काचा वाजल्या, आणि गेला. गिटार गप्प होती. भाभी आत आल्या, पलंगावर बसल्या, आणि एवढ्या आठवड्यांत पहिल्यांदा मी त्यांना रडताना ऐकलं.