मेस्त्रीची सीट

कराडात पाटण रस्त्याला माझं लेथचं दुकान होतं आणि भिंतीला भिंत लावून धम्मपाल बनसोडेचं गाड्यांच्या वायरिंगचं. चौदा वर्षं आम्ही एकाच किटलीतला चहा प्यायलो. माझं नाव हंबीरराव. जातीनं मी मराठा, ज्यांची गोष्ट पुढं येणार आहे त्या लालासाहेबांसारखाच. हे आधीच सांगून टाकतो, कारण जे घडलं त्यात जातीचा हात होता आणि माझाही होता. धम्मपालनं गाड्यांचं काम सोडलंय. आता तो कुंडलला, आपल्या गावी, विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करतो. लोक विचारतात, एवढा कसबी माणूस असा का बसला? ज्यांना ठाऊक आहे ते सांगत नाहीत.

त्याच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली आणि पुढच्या वर्षी हा जन्मला, म्हणून नाव धम्मपाल. माधवनगरच्या एका गिरणीत तो इलेक्ट्रिशियन होता. ती बंद पडल्यावर कराडला आला. हट्टी माणूस. काम चालू असताना कुणी बोललेलं त्याला खपायचं नाही, आणि म्हणून मी मुद्दाम बोलायचो. मग तो टेस्टर माझ्यावर रोखायचा. "हंबीरदा, तुमच्या तोंडाला एकदा अर्थिंग द्याय पायजे."

त्याचा एक नियम होता. दुरुस्त झालेली गाडी तो तशीच मालकाच्या ताब्यात देत नसे. मालकानं चालवायची, यानं मांडीवर मीटर घेऊन शेजारच्या सीटवर बसायचं, आणि कोयनानगरच्या पुढचा घाट उतरून, चढून परत यायचं. निम्मा दिवस जायचा. मी म्हणायचो, फुकटची हौस. तो म्हणायचा, "गाडी दुकानात खोटं बोलती. घाटात तिला खरं सांगावं लागतं." चौदा वर्षांत हा नियम त्यानं एकदाही मोडला नव्हता.

अठ्ठ्याण्णव साली लालासाहेबांची गाडी आली. जवळच्याच गावचे ते बडे ऊसवाले. माणूस वाईट नव्हे, अडल्यानडल्याला धावून जाणारा. गाडी पंच्याण्णवची, इंजिनाला कॉम्प्युटर असलेली. तेव्हा असल्या गाड्या आमच्याकडं बोटावर मोजण्याएवढ्या. बॅटरी उतरली म्हणून कुणीतरी शहाण्यानं ट्रॅक्टरची बॅटरी जोडली, तीही उलटी. कॉम्प्युटर जळाला. नवा यायला पाच-सहा महिने लागतील असं पुण्याहून कळलं. धम्मपालनं सांगलीच्या भंगार बाजारात त्याच मॉडेलची, पण सत्त्याण्णवची, ठोकलेली गाडी शोधली आणि तिचा कॉम्प्युटर उचलला.

दोन्हींचं सॉकेट एकच. खट्‌कन बसायचं. दुसरा कुणी असता तर बसवून, किल्ली फिरवून मोकळा झाला असता आणि हाही कॉम्प्युटर जळला असता. कारण त्या दोन वर्षांत कंपनीनं आतल्या वायरी फिरवल्या होत्या. जुन्या गाडीत जी पिन पेट्रोलच्या पंपाला जायची, ती नव्या गाडीत पंख्याला जात होती. नकाशा कुणाकडंच नव्हता. धम्मपालनं भंगारातल्या गाडीचं वायरिंगच अख्खं सोलून आणलं, माझ्या दुकानात फरशीवर पसरलं, आणि एकेका वायरीचं एक टोक इथं, दुसरं तिथं मीटरनं धरून वहीत लिहून काढलं. अठरा दिवस मी माझ्याच दुकानात उड्या मारत चाललो. अर्धं जुनं, अर्धं नवं, असं करून त्यानं गाडी जोडली. इंजिन चालू ठेवणाऱ्या एका सेन्सरची वायर तेवढी वीतभर कमी पडली. तिला तुकडा जोडून त्यानं ती सायलेन्सरच्या पाइपाजवळून घेतली. दुसरी वाटच नव्हती.

एकोणिसाव्या दिवशी गाडी चालू झाली. मी पेढे आणले. तासभर इंजिन चालू ठेवलं, आणि शेवटी शेवटी ते एकदा बंद पडलं. डोळा मिटून उघडावा एवढंच, आणि परत लागलं. मी म्हटलं, पेट्रोलमधला कचरा असंल. धम्मपाल नाही म्हणून मान हलवत राहिला.

"त्यो जोड हाय. तापल्यावर सुटतोय का काय. घाटात कळंल उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी लालासाहेब आले. बरोबर त्यांची आई साळूबाई आणि एकोणीस वर्षांची मुलगी पूजा. त्या दोघी समोरच्या दुकानात हार-नारळ घ्यायला थांबल्या होत्या. धम्मपालनं हात पुसले, मीटर घेतला आणि डावीकडचं पुढचं दार उघडलं.

"चला सायब, घाटात जाऊन येऊ. मी बसतो संगं."

"घाटातच निघालोय, मेस्त्री," लालासाहेब हसून म्हणाले. "पर आज देवीला चाललोय. आई संगं हाय. तिचं सोवळं लय कडक. तुमी आसं करा, परवा या की. परवा निवांत जाऊ आपण."

आवाज चढला नाही, शब्द वाकडा गेला नाही. देवीला जाताना गाडीत आमचा माणूस चालला असता आणि बनसोडे चालत नव्हता, एवढंच. मला कळलं, धम्मपालला कळलं. त्याचा हात दारावर तसाच राहिला. त्यानं माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात चहाचा ग्लास होता, मी ग्लासात बघितलं. एक वाक्य बोलायचं होतं मला, गाडी काल बंद पडली होती, एवढंच. लालासाहेब माझे जुने गिऱ्हाईक होते, आणि मी चहा प्यायलो.

धम्मपालनं किल्ली दिली आणि आत गेला. कालचं तोही बोलला नाही. पूजा हार घेऊन आली, त्यानं उघडलेल्या दारातून पुढं बसली आणि मला म्हणाली, "येते हं काका."

दुपारी घाट उतरताना इंजिन बंद पडलं. इंजिन गेलं की असल्या गाडीचा ब्रेक दोन दाबांत लाकडासारखा घट्ट होतो आणि स्टेअरिंग वळत नाही. गाडी डाव्या अंगानं कड्याच्या भिंतीवर गेली. लालासाहेबांचा पाय मोडला, मागं बसलेल्या साळूबाईंच्या डोक्याला टाके पडले. पूजा जागीच गेली.

पंचनाम्यात ब्रेक फेल लिहिलं. धम्मपालनं ठाण्याच्या आवारात उभ्या असलेल्या त्या गाडीत हात घालून बघितलं. जोड सुटलेला होता. तेराव्यानंतर लालासाहेबांनीच त्याला निरोप धाडला, "मेस्त्री, मनाला लावून घेऊ नका. पोरीचं आयुष्य तेवढंच हुतं." निरोप ऐकला आणि धम्मपालचं जेवण तुटलं. गड्याच्या गळ्याची हाडं दिसायला लागली.

त्याची बायको आम्रपाली माझ्याकडं आली. "भावजी, ह्ये त्यांस्नी जाऊन सांगतो म्हंत्यात. आमच्या वस्तीवर माणसं आली तर? पोरीचं, दीक्षाचं, लगीन ठरायलंय. तुमी तरी गप करा ह्यांना."

मी गप करायचा प्रयत्न केला. तिच्यासाठी केला असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर मला माझीच भीती होती. त्यानं तोंड उघडलं की मलाही सगळं आधीच ठाऊक होतं, हे बाहेर येणार होतं. म्हटलं, पोलीस मिटवतायत, लालासाहेब स्वतः मिटवतायत, तू कशाला उकरतोस?

"ती बसली ती सीट माझी हुती, हंबीरदा," तो म्हणाला. "येणार तर चला, न्हाईतर मी एस्टीनं जातो."

मी स्कूटर काढली. का काढली, मला अजून सांगता येत नाही. बहुतेक लाज वाटली असेल.

लालासाहेब सोप्यात कॉटवर पडले होते, पाय प्लास्टरात. आम्ही समोर उभे राहिलो. धम्मपालनं नमस्कार केला आणि लागलीच बोलायला लागला.

"सायब, गाडी आदल्या दिवशी एकदा बंद पडली हुती. मला जोडाचा संशय हुता. मी तुमाला सांगितलं न्हाई."

लालासाहेबांना आधी नीट उमगलंच नाही. मग ते कोपरावर उठले. "का न्हाई सांगितलं?"

"तुमी मला बसू दिलं न्हाई. मला राग आला. कुणाचं वंगाळ व्हावं आसं मनात न्हवतं. म्हटलं, बंद पडू दे रस्त्यात. ढकलत आणू दे. मंग कळंल मेस्त्री कशाला बसतोय गाडीत. एवढंच म्हटलं मनाशी. पोरगी पुढं बसंल ह्ये ध्यानात आलं न्हाई."

"मलाबी ठावं हुतं," मी म्हणालो. माझा आवाज माझ्याच कानाला गेला नाही.

लालासाहेबांनी उशाची काठी उचलली. आता मारतात असं मला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तेवढ्यात आतल्या दारातून साळूबाई बाहेर आल्या. डोक्याला पट्टी होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मेस्त्री, तुमाला कुणी बसू दिलं न्हाई?"

धम्मपाल खाली बघत राहिला. एवढं सगळं सांगून झालं, पण हे त्याच्या तोंडातून निघेना. मग मीच बोललो. त्या वर्षात केलेलं माझं तेवढं एकच धड काम.

"तुमचं सोवळं हाय म्हणाले, आत्याबाई."

"माझं?" म्हातारी लेकाकडं वळली. "मीच तुला घरनं निघताना म्हटलं न्हवतं का, नवं काम हाय, मेस्त्रीला संगं घे? तर तू म्हणालास, त्याला येळ न्हाई."

लालासाहेबांच्या हातातली काठी खाली पडली. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं आणि पांघरूण डोक्यावरनं ओढून घेतलं. साळूबाई उंबऱ्यात बसल्या आणि पूजाचं नाव घेऊन मोठ्यानं रडायला लागल्या. आम्ही दोघं तिथंच उभे होतो. आम्हाला कुणी जा म्हणालं नाही, आणि बसा असंही कुणी म्हणालं नाही.