सुरतेची साडी आणि मामाचा बादल

सुरतेत साड्यांची गाठोडी बांधत होतो, तेवढ्यात मामाचा फोन. "बापू, बैलायचा पट पाहाले ये. बादल यंदा वळला तं हा त्याचा शेवटचा पट." शेठला सांगितलं, मामीसाठी एक झगमगीत साडी उचलली आणि गाडीत बसलो.

येणाऱ्यांसाठी सांगतो, भंडारा रोड स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. बाहेर शेअर ऑटो मिळतो. मग साकोली, तिथून मामाच्या सानगडीची एसटी. साकोलीच्या स्टँडवर गरम आलुबोंडा खाऊन घ्या, पुढे भरवसा नाही. मी दोन खाल्ले, पण चव कळली नाही. मागच्या शंकरपटात बादल धाव सोडून माणसांत घुसला होता. कोणाला लागलं नाही, नशीब.

बैलजोडीची ही शर्यत लोकांना काही सेकंदच दिसते. मामाच्या घरी ती वर्षभर चालते. पहाटे मामा जोडीला नदीच्या रेतीत दमवतो. त्याची मुलगी मंदा खुरं तपासते, पाय चोळते. रेतीच्या टोकाला मामी दाण्याचा डबा बडवत उभी असते, आणि बादल-हिऱ्या तिच्याकडे धावतात. चाबूक नाहीच. पटातही धाव संपते तिथल्या दोरापलीकडे मामीच उभी राहते.

"मागच्या साली मी तापानं पडली होती," मामी म्हणाली, "म्हणून वळला तो."

"अन् यंदा वळला तं? बाजूच्या दोराले लागून लेकरं बसतात," मामा म्हणाला. आणि ताट सोडून गोठ्याकडे गेला.

पटाच्या दिवशी मामी नवी साडी नेसून आली. मंदा हसली, "आई, पट हाये का लगन वो?" मामाही म्हणाला, "शोभते." एवढी जनावरं सांभाळणारं घर, पण एकाच्याही डोक्यात आलं नाही.

जोडी सुटली. हिऱ्या सरळ निघाला. अर्ध्या वाटेत बादलनं मान वर केली. समोर काहीतरी चमचमत होतं, ओळखीचं नव्हतं. तो बाजूच्या दोराकडे, माणसांकडे झुकला. लोक लेकरं उचलून मागे पळाले. मामा धावत सुटला.

"ये रे बाबू, ये!" मामी ओरडली. भोंग्यात आवाज बुडाला. मग तिनं डबा दगडावर बडवला, धाड धाड. बादलचा कान हलला. तो थबकला, आणि सरळ येऊन त्यानं तिच्या पोटाला डोकं लावलं. नवी साडी फेसानं माखली.

जोडी हरली.

"वळला," मामा धापा टाकत म्हणाला.

"थबकला," मामी म्हणाली. "वळनं येगळं, थबकनं येगळं. माणूस नाई थबकत काय?"

मी निघालो तोवर मामानं बादलचं काही ठरवलं नव्हतं.

सुरतेत गाठोडी बांधताना हात चालायचे, जीव तिकडेच. शेवटी मंदाला फोन लावला. "बादलचं काय ठरलं?"

"आज पहाटे बाबा दोघाईले रेतीत घेऊन गेले."

"आणि साडी? धुतली का मामीनं?"

"कायले धुते! तीच नेसून गोठ्यात जाते रोज. शेण, दाणा, समदं तीतच. म्हणते, पुढल्या पटाले त्यानं ओळखली पाहिजे."