भाचीचे पाय

सुखराम कधी लाजला असेल, यावर आमच्या कटंगीत कोणी विश्वास ठेवणार नाही. कटंगी-तुमसर बसचा हा कंडक्टर. त्याने हाक मारली की स्टँडवरची झोपलेली कुत्रीसुद्धा उठून बाजूला होतात. तिकीट चुकवायला कोणी झोपेचं सोंग घेतलं तर हा त्याच्या कानाशी तोंड नेऊन तुमसरपर्यंतचे सगळे थांबे ओरडतो. मी शाळेवर शिकवायला रोज त्याच बसने जातो, म्हणून सांगतो. असा माणूस मुंबईहून आला आणि आठवडाभर दाराशी नुसता उभा राहिला. बाजाराला निघालेल्या बाया विचारायला लागल्या, "काहून भाऊ, घसा बसला का?"

घसा ठणठणीत होता. एक दिवस गाडी रिकामी होती, तेव्हा माझ्या शेजारी बसून त्याने सगळं सांगितलं, तेही इतक्या हळू की मला कान लावावा लागला.

त्याची मुलगी अंजू हिचं लग्न ठरलं होतं. त्यांच्या घरात लग्नाची पहिली पत्रिका भाचीची. पिवळ्या अक्षता ठेवून पत्रिका द्यायची आणि पाया पडायचं. आमच्या भागात मामाच भाचीच्या पाया पडतो. ती फ्रॉकमधली असो की जीन्समधली. सुखरामची भाची दीपिका. बाप लवकर गेला म्हणून बारावीपर्यंत ती मामाकडेच वाढली. आता मुंबईत फोर्टात नोकरीला आहे. फोनवर ती म्हणाली होती, "मामा, संध्याकाळी रूमवर या." पण ह्याला धीर कुठला! भाचीचं ऑफिस बघायची हौस. जेवणाच्या सुट्टीतच भेटतो म्हणून हट्ट धरला. शेवटी तिने हुतात्मा चौकात थांबायला सांगितलं.

हा तासभर आधीच हजर. मराठी राज्यासाठी माणसं मेली, त्यांचं ते स्मारक. आमची कटंगी मध्य प्रदेशात, त्या राज्याच्या बाहेरच राहिली, तरी सुखरामने मशाल धरलेल्या पुतळ्यांपुढे चपला काढल्या आणि हात जोडले. चपला घालायचं भान राहिलं नाही, कारण तेवढ्यात पलीकडून दीपिका येताना दिसली. सोबत ऑफिसातल्या दोन मुली.

"दीपाऽऽ! अवं दीपा!"

बसस्टँडचा आवाज तो. चौकातली माणसं वळून बघायला लागली. दीपिका जवळ आली तशी ह्याने पत्रिका तिच्या हातात दिली, डोक्यावर अक्षता टाकल्या आणि अनवाणी पायाने तिथेच फुटपाथवर वाकला. दीपिकाने चटकन पाय मागे घेतले. ह्याचे हात फरशीवर पडले.

"अगं, कोण हे?" एका मैत्रिणीने विचारलं.

"गावाकडचे आहेत," दीपिका म्हणाली. "आमच्याकडे कामाला असतात."

मला सांगताना इथे सुखराम खिडकीबाहेर बघत राहिला. माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "तिथंच कान उपटायचे होते तिचे!"

"तिचा काय दोष, गुरुजी? मीच अक्कल सोडून आलतो. पोरगी लाल लाल झाली हो."

आणि कान उपटायचं सोडून ह्याने काय केलं? उठला, हात झटकले आणि म्हणाला, "हौ मॅडम. मालकानं पत्रिका धाडली होती. देल्ली. येतो मी." भाचीचं खोटं उघडं पडू नये म्हणून हा स्वतःच्याच मुलीच्या लग्नाचा गडी झाला. रात्री दीपिकाचे फोनवर फोन आले, पण ह्याने उचलले नाहीत. राग नव्हता. तोंड दाखवायची लाज वाटत होती म्हणाला, फोनवरसुद्धा.

बहिणीला, अनुसयाबाईला, त्याने सांगितलं की पोरगी लय खूश झाली.

दीपिका लग्नाला येईल असं मला वाटलं नव्हतं. आली. मांडवात भाचीचे पाय धुतल्याशिवाय हळद लागत नाही, म्हणून अनुसयाबाईने तिला पाटावर बसवलं. सुखराम परात आणि तांब्या घेऊन समोर बसला. त्याने हात पुढे केला मात्र, दीपिकाने पाय साडीत ओढून घेतले.

"मामा, नको. माझे पाय नका धरू."

अनुसयाबाई एकदा भावाकडे, एकदा मुलीकडे बघायला लागली. सुखराम तांब्या धरून तसाच बसला होता. मग भाचीवर पहिल्यांदा त्याचा आवाज चढला.

"तिथं लोकाईले लाजली, इथं मले लाजून राह्यली. मंग मी पाय धरू तरी कवा, बाई?"

दीपिकाने पाय परातीत ठेवले. सुखरामने ते धुतले, खांद्यावरच्या उपरण्याने पुसले, त्यांवर डोकं टेकलं. तिला मात्र मान वर करता आली नाही.