काकीची भिंत

लहानपणापासून मला घरात एकच गोष्ट हवी होती, आतून कडी लावता येईल असं दार. परळच्या आमच्या चाळीत दार होतं, पण ते दिवसभर उघडंच. चुकून लावलं तर शेजारपाजारचे चौकशीला हजर, काय झालं, कोणी आजारी आहे का? कपडे बदलायचे तर मोरीत, अभ्यास करायचा तर माळ्यावर, आणि रडायला तर जागाच नाही. त्यामुळे पन्नाशीच्या तोंडावर मी शिवडीला फ्लॅट बघायला गेले, तेव्हा एजंटचं एकच वाक्य ऐकून विरघळले. "मॅडम, कॉर्नर फ्लॅट आहे. एक पण भिंत कॉमन नाय. शेजाऱ्यांचा आवाज येणारच नाय." फ्लॅट घेतला आणि ते वाक्य ऑफिसातल्यांना इतक्यांदा ऐकवलं की त्यांचे कान किटले.

घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. शिवडीला जायचं म्हणजे चाळीतली खोली सोडायचीच होती. तिचे पैसे आल्याशिवाय फ्लॅट होत नव्हता, हे आईलाही माहीत होतं. ती एका शब्दाने नाही म्हणाली नाही. उलट चार बायकांना अभिमानाने सांगून आली की लेकीने स्वतःच्या हिमतीवर घर घेतलं.

प्रश्न होता काकीचा. काकी म्हणजे आमच्या शेजारच्या खोलीतली. नात्याने कोणी नाही, पण आईच्याच गावाकडची, मालवणी. आमच्या दोन खोल्यांच्या मध्ये फळ्यांची भिंत होती, वरून चुना मारलेला. पूर्वी चाळीत पाणी पहाटे यायचं आणि घटकाभरात जायचं. दोघींपैकी जिला आधी जाग येई ती भिंतीवर दोनदा ठोकायची. उठ, पाणी आलं. पलीकडून उलट दोनदा ठोकलं की उठल्याची पावती. मग चाळीवर टाकी बसली, पाणी दिवसभर येऊ लागलं. ठोकणं मात्र थांबलं नाही. मी झोपेत वैतागून म्हणायचे, "अगं, आता कशाला? नळ वाहतोय की!" आई म्हणायची, "सवय आहे."

ती नुसती सवय नव्हती. काकीचे यजमान गेले, मग माझे वडील गेले. काकीचा मुलगा विरारला राहायला गेला, तो रविवारी यायचा. काकी एकटी राहिली. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिसऱ्या माळ्यावरून तिचं खाली उतरणंही बंद झालं. सकाळचं ते ठोकणं म्हणजे मी आहे, तू आहेस ना, एवढंच असायचं. दोघींपैकी कोणी हे बोलून दाखवलं नाही. बायका अशा गोष्टी बोलत बसत नाहीत, चहा ठेवायला उठतात.

फ्लॅटचा ताबा मिळाला तशी मी आईला घर दाखवायला नेलं. खिडकीतून खाडी दिसत होती. मी मोठ्या तोऱ्यात बाथरूम दाखवलं, नळ सोडून दाखवला, बेडरूमचं दार लावून कडी घालून दाखवली. आईने सगळ्याला छान म्हटलं. मग ती भिंतीपाशी गेली आणि बोटांनी ठोकलं. पुढच्या भिंतीवर ठोकलं. मग आतल्या खोलीत. सोबत आलेल्या बिल्डरच्या माणसाला वाटलं, आजी बांधकाम तपासतायत. तो म्हणाला, "आजी, बिनधास्त ठोका. एकदम सॉलिड काम आहे."

"हिच्या पलीकडे कोण?" आईने विचारलं.

"कोण नाय आजी. मोकळी हवा."

"आणि हिच्या?"

"ती पण बाहेरचीच. कॉर्नर आहे ना."

आईने हात पदराला पुसला. मला तिचा रागच आला. माणसं अशा घरासाठी जीव टाकतात आणि ही भिंती वाजवत फिरतेय! टॅक्सीत बसल्यावर ती बाहेर बघत म्हणाली, "घर खरंच सुंदर आहे गं. पण एक दिवस सकाळी मी ठोकलं नाही, तर ती काय समजेल?"

मग मी ऑफिसातल्या बाईसारखा उपाय शोधला. काकीच्या मुलाने तिला घेऊन दिलेला मोबाईल डब्यातून काढला, चार्ज केला आणि सकाळी मिस्ड कॉल कसा द्यायचा ते दोघींना शिकवायला बसले. दोघी शाळेतल्या मुलींसारख्या हसत होत्या. शेवटी काकीने फोन मला परत दिला. "ह्या बोलता गो, पण बाजूक कोण आसा असा वाटना नाय." फोन परत डब्यात गेला.

सामान बांधताना आईने कशाचाही हट्ट धरला नाही. पाटा सोडला, वडिलांनी ठोकून घेतलेलं बाकडं सोडलं, पितळेचं पिंपही भंगारवाल्याला दिलं. मीच हळवी होऊन एकेका वस्तूला थांबत होते आणि ती म्हणत होती, "ठेवायचं कुठे ते?" तिला न्यायची होती ती गोष्ट खोक्यात बसणारी नव्हती.

निघायच्या दिवशी काकी दाराशी खुर्चीवर बसली होती. तिने आईच्या हातात नारळ ठेवला, आणि दोघी एकमेकींचे हात धरून राहिल्या. गॅलरीतल्या बायका डोळे पुसत होत्या, या दोघी मात्र कोरड्या. शिवडीला पोचल्यावर नव्या गॅसवर दूध उतू जाऊ दिलं, देव मांडले. कडी लावून मी माझ्या खोलीत आडवी पडले. आयुष्यभर मागितलेली शांतता होती. मला काही झोप लागेना.

सकाळी उठून बघते तर आई पलंगावर बसलेली, तळहात भिंतीला टेकवलेला. माझी चाहूल लागताच म्हणाली, "किल्ली अजून आपल्याकडे आहे ना?"

होती. खोली दहा वाजता ताब्यात द्यायची होती.

"मग तू जा. ठोकून ये."

"अगं, मी सरळ दारातून जाते की काकीकडे!"

"दारातून कोणीही जातं."

कुरकुर करतच मी टॅक्सी पकडली. चाळीत गॅलरीभर दूधवाल्यांच्या पिशव्या लटकत होत्या. आमच्या खोलीचं दार उघडलं. रिकामी खोली एवढी लहान असेल असं वाटलं नव्हतं. यात आम्ही तिघं राहिलो, पाहुणे राहिले, बाळंतिणी राहिल्या. मी भिंतीपाशी गेले. इतक्या वर्षांत मी स्वतः कधी ठोकलंच नव्हतं. दोनदा ठोकलं.

पलीकडून लगेच दोनदा आलं. काकी भिंतीला लागूनच बसली असणार. मग आवाज आला, "कोण गो, तू काय?"

"हो काकी. आईने पाठवलंय."

"वायच हळू ठोक. तुझ्या आवशीचो हात हलको." मग म्हणाली, "तिका सांग, मी उठलंय."

मला हवं होतं ते दार मिळालं होतं, आणि आता मला ही भिंत हवी होती. वेड्यासारखी हवी होती. दहा वाजता ती दुसऱ्या कोणाची होणार होती.

मी आईला फोन लावला आणि फोन भिंतीला टेकवून म्हणाले, "काकी, परत एकदा." काकीने ठोकलं. मग फोनातून आवाज आला, दोनदा, हलक्या हाताने. शिवडीच्या त्या घरात, जिच्यापलीकडे कोणी नाही त्या भिंतीवर आई ठोकत होती.

काकीला ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. मी बोटं वाकवली आणि जमेल तितक्या हलक्या हाताने आईचं उत्तर तिला दिलं.