विटेवरचा नेचा

गंगाखेडच्या बसस्थानकाबाहेर रोपं विकणारी ती मावशी प्रत्येक पान उलटून, त्यावर अंगठा फिरवूनच रोप गिऱ्हाइकाला देई. एकदा तिच्या नेच्याच्या, म्हणजे फर्नच्या पानामागे मला तपकिरी ठिपके दिसले. सोयाबीनवरचा रोग पाहिलेला मी मोठ्यानं म्हणालो, "मावशी, हा तर तांबेरा!" गिऱ्हाइकं मागं सरली.

"सर, याला फूल न्हाई, बी न्हाई. या ठिपक्यातल्या भुकटीतनंच याची लेकरं व्हत्यात. दावते तुमाला."

तिनं पान ओल्या विटेवर झटकलं, वर काचेची बरणी पालथी घातली. येता-जाता मी हसायचो.

काही महिन्यांनी तिनं भर रस्त्यात मला हाक मारली. विटेवर नखाएवढी हिरवी पानं, त्यांतून गुंडाळलेले कोवळे कोंब. वीट दोन्ही हातांनी उंच धरून ती गरजली, "बघा सर, तुमचा तांबेरा!"